मुलाला सोल्डरिंग शिकू द्या, पण बंद खोलीत नको

उन्हाळ्याची सुट्टी लागली की काही घरांत एक पार्सल येते. आत पेनासारखे दिसणारे सोल्डरिंग आयर्न, चकचकीत तारेचे रीळ आणि पिवळसर पेस्टची डबी. आठवी-नववीतला मुलगा सांगतो, "गेमच्या कंट्रोलरची काडी आपोआप सरकते, ती मीच बदलणार आहे." त्याने व्हिडिओ पाहिलेले असतात. आई म्हणते, घर पेटवशील. वडील म्हणतात, आधी दहावीचे बघ. आणि मग "डॉक्टर, त्याचा धूर फुफ्फुसात जातो म्हणे, तुम्हीच सांगा त्याला" म्हणून त्याला माझ्यासमोर बसवले जाते.

पालकांची अपेक्षा असते की मी नको म्हणावे. मी तसे म्हणत नाही. मूल बारा-तेरा वर्षांच्या पुढचे असेल, शेजारी कुणी मोठे माणूस बसणार असेल, तर हे काम शिकू द्यावे, असे माझे मत आहे. ही उदारपणाची गोष्ट नाही, त्यामागे डॉक्टरी हिशेब आहे. बंदी घातली म्हणजे मुलगा हे सोडून देतो असे होत नाही. तो ते रात्री करतो. दार लावून, पलंगावर बसून, शेजारी धाकटी बहीण झोपलेली असताना. धूर कोंडतो, तारेचे तुकडे चादरीत पडतात, हात न धुता तो झोपतो, आणि बोट भाजले तरी सांगत नाही. सोल्डरिंगमध्ये जेवढे धोके आहेत, ते सगळे त्या बंद खोलीत एकत्र येतात. अंगणात, दिवसाउजेडी, तुमच्या डोळ्यांसमोर हेच काम केले तर यातले बहुतेक धोके उरत नाहीत.

हे काम आपल्याला परके नाही, हेही सांगतो. धातूला धातू जोडणे म्हणजे डाख देणे. पत्र्याच्या डब्याला, घागरीला डाख देणारे कारागीर आपल्या आजी-आजोबांनी दारात पाहिले आहेत. कल्हईवाला आठवतो का? तो तापलेल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. नवसागर धातूवरची मळी काढतो, मग कथील चिकटते. सोल्डरिंगमधली पेस्ट, म्हणजे फ्लक्स, तेच काम करते. फक्त नवसागराऐवजी त्यात बहुधा चीड वृक्षाची राळ असते. फरक इतकाच की कल्हईला शुद्ध कथील लागते आणि बाजारात मिळणाऱ्या सोल्डरच्या साध्या तारेत कथलाबरोबर शिसे असते. म्हणून ही तार वापरून स्वयंपाकाचे भांडे, किटली किंवा पाण्याची टाकी कधीही दुरुस्त करू नका.

शिशावर जरा थांबू, कारण लोकांची भीती नेमकी चुकीच्या जागी असते.

रिळावर ६०/४० किंवा ६३/३७ असे आकडे असतात. पहिला आकडा कथलाचा, दुसरा शिशाचा. ६३/३७ ची तार १८३ अंश सेल्सिअसला वितळते. आयर्नचे टोक साधारण ३०० ते ४०० अंशांपर्यंत तापते. शिसे उकळायला मात्र १,७४९ अंश लागतात. म्हणजे जो धूर दिसतो तो शिशाचा नसतो, राळेचा असतो. मग शिसे पोटात जाते कसे? बोटांवरून. तार हाताळली, टोक पुसले, टेबलावरचे बारीक मणी झटकले आणि त्याच हाताने चिवडा खाल्ला. दोन्ही हात अडकले की तार दातांत धरायची सवय अनेकांना असते. पहिल्याच दिवशी ती मोडा.

मोठ्या माणसाच्या पोटात शिसे गेले तर त्याचा थोडा भाग रक्तात शोषला जातो. लहान मुलाच्या शरीरात तेच प्रमाण चार ते पाच पट असू शकते. शिवाय ज्या मुलाला लोह कमी, त्याचे आतडे शिसे आणखी जोमाने ओढून घेते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातली सहा महिने ते पाच वर्षे वयाची सुमारे ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. हे दोन मुद्दे एकत्र वाचा. तुमच्या घरातला धोका आठवीतल्या मुलाला कमी आणि जमिनीवर रांगत मिळेल ते तोंडात घालणाऱ्या त्याच्या धाकट्या भावंडाला जास्त आहे. गरोदर बाईलाही आहे, कारण शिसे वारेतून बाळापर्यंत पोचते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची अमुक पातळी निर्धोक, असे म्हणता येत नाही. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये पाच मायक्रोग्रॅम शिसे सापडले तर ते कुठून येते हे शोधावे, असे ती सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालात जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात एवढे शिसे असल्याचा अंदाज होता, आणि भारतात अशी मुले २७ कोटींहून अधिक. हे शिसे गेमच्या कंट्रोलरमधून आलेले नाही, हे उघड आहे. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, रंग, भेसळीचे मसाले अशी त्याची मोठी उगमस्थाने आहेत. पण आधीच भरत आलेल्या घड्यात आपण आणखी थेंब का टाकायचा?

म्हणून माझा नियम साधा आहे. घरात सहा वर्षांखालचे मूल किंवा गरोदर बाई असेल तर शिसेविरहित तार आणा. ती थोडी महाग असते, २१७ अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे आयर्न जास्त तापवावे लागते आणि नवशिक्याचा सांधा पटकन चमकदार येत नाही. मुलगा कुरकुर करील. करू द्या. घरात फक्त मोठी माणसे असतील तर साधी तार चालेल, मात्र काम झाल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे. सॅनिटायझरने जंतू मरतात, शिसे हातावरच राहते. कामाची जागा ठरलेली हवी. स्वयंपाकाचा ओटा नको, पलंग नको, जेवायचा पाट तर मुळीच नको. एक जुनी फरशी किंवा लाकडी फळी, त्यावर वर्तमानपत्र. काम संपले की ओल्या फडक्याने पुसायचे. झाडूने झाडायचे नाही, कारण बारीक कण घरभर उडतात. आणि कामाचा शर्ट वेगळा ठेवायचा.

आता धूर. तो शिशाचा नाही म्हणून निरुपद्रवी आहे असे मुळीच नाही. तापलेल्या राळेच्या धुराने श्वासनलिका चिडतात, आणि काही माणसांत त्याची ॲलर्जी तयार होते. इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांतल्या कामगारांना होणाऱ्या दम्याचे हे एक ओळखीचे कारण आहे. ही ॲलर्जी एकदा जडली की पुढे थोड्याशा धुरानेही छाती भरते. सुट्टीत चार कंट्रोलर दुरुस्त करणाऱ्याची गोष्ट रोज आठ तास धुरात बसणाऱ्यासारखी नसते. पण ज्या मुलाला आधीच बालदमा आहे, जो पंप घेतो, त्याला मी हे काम घरी करायला मना करतो. इथे मी नाही म्हणतो आणि कारणही सांगतो. बाकीच्यांनी एवढेच पाहावे की डोके थेट धुरावर वाकलेले नसावे. धूर सरळ वर जातो आणि वाकलेल्या माणसाचे नाक नेमके तिथेच असते.

खिडकी उघडी ठेवा, असे सगळे व्हिडिओ सांगतात. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत खिडकीत कूलर बसलेला असतो! कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे धूर आतल्या खोल्यांत पसरतो. शिवाय ओल्या फरशीवर उभे राहून एक हात कूलरच्या पत्र्याला आणि दुसरा विजेच्या उपकरणाला, यापेक्षा वाईट जोडी मला सुचत नाही. कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. तेव्हा हे काम सकाळी सात-आठला, ओसरीत किंवा गच्चीवरच्या सावलीत करावे. लहान टेबल फॅन असेल तर तो धूर आपल्यापासून दूर ओढेल असा पाठमोरा ठेवावा. वारा थेट सांध्यावर आला तर सांधा नीट बसत नाही, हे मुलाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

भाजण्याचे सांगतो. बोटाला चटका हा या शिक्षणाचा भागच आहे, त्याचा बाऊ नको. चटका बसताच वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे हात धरायचा. घड्याळ लावून वीस. दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी गरमच येते, तेव्हा रांजणातले किंवा हौदातले पाणी तांब्याने ओतत राहा. बर्फ नको. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाट्याचा कीस यातले काहीही नको. हे सगळे खरवडून काढताना रुग्ण जास्त कळवळतो आणि जखम खरी किती खोल हेच आम्हाला दिसत नाही. अंगठी लगेच काढा. फोड फोडू नका. जखम डोळ्याजवळ किंवा सांध्यावर असेल, पांढरी पडून दुखेनाशी झाली असेल किंवा माणूस मधुमेही असेल, तर दवाखाना गाठा आणि धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन कधी घेतले ते आठवून या.

डोळ्यांचा धोका लोकांच्या लक्षात येत नाही. तो सोल्डरपेक्षा कटरचा असतो. सांधा झाल्यावर वर आलेली तारेची टोके कापतात आणि तो तुकडा गोळीसारखा उडतो. साधा चष्मा तरी घाला, बाजूने झाकणारा मिळाला तर उत्तम. डोळ्यात काही गेलेच तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. रुतलेला कण ओढू नका. आणि जिभेने डोळ्यातला कचरा काढणाऱ्याकडे कृपा करून नेऊ नका, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

आता ज्याने जीव जातो ते. घरातली वीज २३० व्होल्टची. गेमच्या मुख्य यंत्रात किंवा अडॅप्टरमध्ये जो पॉवर सप्लाय असतो, त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. म्हणून नवशिक्याने फक्त कंट्रोलर उघडावा. पॉवर सप्लायचा डबा उघडायचा नाही. जुन्या टीव्ही गेमला नवी वायर जोडायची हौस असेल तर गेम उघडा, पण काचेच्या नळीचा जुना टीव्ही उघडू नका. त्यात हजारो व्होल्ट असतात. आयर्न तीन पिनांचे घ्या आणि घरातली अर्थिंग खरोखर चालू आहे का, हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. अनेक घरांत तिसरे भोक शोभेपुरते असते. वायरलेस कंट्रोलरमध्ये लिथियमची बॅटरी असते, ती आधी सुटी करून बाजूला ठेवावी. फुगलेली दिसली तर तिथेच थांबावे.

शिकायचे कसे? महागड्या कंट्रोलरवर नाही. भंगारातला रेडिओ, बंद पडलेला चार्जर-बोर्ड, त्यावर पन्नास सांधे काढायचे आणि पन्नास घालायचे. कंट्रोलरच्या एका काडीखाली साधारण चौदा टोके असतात आणि सगळी मोकळी केल्याशिवाय ती निघत नाही. घाई केली तर बोर्डावरची तांब्याची पट्टीच उखडते. स्टेशन रोडच्या बाजूला किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेड, कुठल्याही गावात मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहेच. ओळखीच्या मिस्त्रीला विचारून मुलाला आठवडाभर शेजारी बसू द्या. काही शाळांत नीती आयोगाची अटल टिंकरिंग लॅब आहे. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी २०१६ पासून सुरू झालेली ही योजना आहे. तुमच्या शाळेतली लॅब कुलूपबंद असेल तर पालकसभेत तिची किल्ली मागा. मार्कांच्या चर्चेपेक्षा ते उपयोगी ठरेल. मुलाला गोडी लागली तर आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, हेही त्याच्या कानावर असू द्या. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा. तुटलेले दुरुस्त करणे वेगळे आणि चोरीच्या गेम चालाव्यात म्हणून कुलूप तोडणारी चिप बसवणे वेगळे. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली घातलेल्या ६५-अ कलमाखाली तो गुन्हा ठरू शकतो.

सुट्टीपुरते हे काम करणाऱ्या, हात धुणाऱ्या मुलाला रक्ततपासणीची गरज नाही. तपासणी हवी ती वेगळ्या लोकांना. वर्षानुवर्षे दुकानात दिवसभर सोल्डरिंग करणारे, त्याच हातावर तंबाखू-चुना मळणारे, डबा त्याच टेबलावर उघडणारे. सारखे पोट दुखते, बद्धकोष्ठ आहे, हिमोग्लोबिन गोळ्या घेऊनही चढत नाही, हातापायांत अशक्तपणा आहे, अशी तक्रार घेऊन यापैकी कुणी गेले तर आपण काय काम करतो हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही. शिशासाठी शिरेतले रक्त घेऊन मोठ्या लॅबला पाठवावे लागते, नेहमीच्या तपासणीत ते कळत नाही. "रक्त शुद्ध करणारे" म्हणून कुणी नाव नसलेल्या पुड्या दिल्या तर घेऊ नका, कारण काही भस्मांत शिसे असतेच, नागभस्म तर शिशापासूनच करतात. आणि अशा दुकानदाराच्या घरी लहान मूल असेल, तर त्याचेही रक्त त्याच दिवशी पाठवा.