‘गाउट’ एवढेच लिहून भागत नाही

पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींना कोड देणारी मराठी मुले-मुली आज अनेक घरांत आहेत. गाउटची, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे होणाऱ्या सांध्यांच्या आजाराची, नोंद समोर आली की त्यांच्या हाताशी एक कोड फार सहज येतो : एम१०.९. म्हणजे गाउट, पण तपशील नाही. हा कोड मुळात चुकीचा नाही. रुग्णाबद्दल खरोखरच अधिक काही कळले नसेल, तर तोच योग्य. पण डॉक्टरांनी सांधा तपासला, मूत्रपिंडाचा अहवाल पाहिला, सांध्याजवळची गाठ चाचपली आणि एवढे होऊनही अखेर हाच कोड पडला, तर दोष नोंदीचा आहे. या दोषाच्या समर्थनार्थ चार मुद्दे नेहमी मांडले जातात. ते एकेक तपासू.

पहिला मुद्दा : कोड बिलासाठी असतो, उपचाराशी त्याचा संबंध नाही. हे इतिहासाला धरून नाही. आज ‘आयसीडी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गीकरणाचे मूळ झाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्यूच्या कारणांच्या यादीत आहे. माणसे कशाने आजारी पडतात आणि कशाने मरतात हे कळावे, हा तिचा हेतू होता. बिले नंतर आली. आणि उपचाराचे म्हणाल, तर दोन रुग्ण घ्या. एकाला रक्तदाबासाठी दिलेल्या थायाझाइड गोळीमुळे गाउट झाला. दुसऱ्याचे मूत्रपिंड क्षीण आहे. पहिल्याची गोळी बदलता येईल का, हे पाहावे लागेल. दुसऱ्याला नेहमीची वेदनाशामके टाळावी लागतील आणि गाउटच्या झटक्यावरच्या कोल्चिसिनची मात्रा जपून द्यावी लागेल. अमेरिकी वर्गीकरणात पहिल्यासाठी एम१०.२ आणि सोबत त्या औषधाचा कोड आहे. दुसऱ्यासाठी आधी मूत्रपिंडाच्या विकाराचा कोड आणि मग एम१०.३. एम१०.९ लिहिले की हे दोघे एकसारखेच दिसतात.

दुसरा मुद्दा : डॉक्टरांना वेळ नाही. वेळ कमी आहे हे खरेच, आणि ती तक्रार मी हलकी मानत नाही. पण मागितले जाते ते किती? ‘मूत्रपिंडाच्या विकारामुळे जुनाट गाउट, उजवे पाऊल, टोफस आहे.’ एका ओळीचे हे वाक्य मिळाले की कोडर एम१ए.३७११ हा कोड देऊ शकतो. त्यातला ३ कारण सांगतो, ७ घोटा व पाऊल, त्यापुढचा १ उजवी बाजू आणि अखेरचा १ टोफस, म्हणजे युरेटच्या स्फटिकांची गाठ. हे सारे डॉक्टरांनी पाहिलेलेच असते, फक्त कागदावर उतरलेले नसते. त्याऐवजी ‘हिस्टरी ऑफ गाउट’ असे लिहिले, तर घोटाळा होतो. डॉक्टरांच्या मनात ‘जुना रुग्ण आहे’ एवढेच असते. कोडिंगच्या भाषेत मात्र त्याचा अर्थ ‘आजार होता, आता नाही’ असा होतो. युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल रोज घेणाऱ्याचा आजार असा कागदावरून पुसला जातो.

तिसरा मुद्दा : सगळे चार्टमध्ये असतेच, कोडरने ते समजून घ्यावे. हा मुद्दा सद्हेतूने मांडला जातो, म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे. युरिक ॲसिड वाढलेले असणे म्हणजे गाउट नव्हे. सांध्याला काहीच त्रास नसेल, तर त्या वाढीचे निदान वेगळे आणि कोडही वेगळा : ई७९.०. उलट ऐन झटक्यात युरिक ॲसिड प्रमाणात दिसू शकते. औषधांच्या यादीत थायाझाइड आहे आणि निदानात गाउट आहे, एवढ्यावरून ‘औषधामुळे’ हा शब्द कोडरने स्वतः जोडायचा नसतो. बाह्यरुग्णाच्या नोंदीत ‘बहुधा गाउट’ असेल, तर अमेरिकी नियमांप्रमाणे गाउटचा कोड देताच येत नाही. सांधेदुखीचाच द्यावा लागतो. अशा वेळी मार्ग एकच, डॉक्टरांना क्वेरी पाठवणे. तीही ‘हा टोफसच ना?’ अशी उत्तर सुचवणारी नको. ‘कोपरावर गाठ नोंदवली आहे, तिचे निदान काय?’ असे मोकळे विचारावे.

चौथा मुद्दा : जास्त तपशील म्हणजे जास्त पैसे उकळणे. नसलेले लिहिणे ही फसवणूक आहे, यात वाद नाही. पण असलेले गाळणे हेही सत्य नव्हे, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या जुनाट गाउटसाठी पेग्लोटिकेज या औषधाला अमेरिकेत २०१० मध्ये मान्यता मिळाली. ते मंजूर करण्यापूर्वी विमा कंपनी कागद मागते : कोणते औषध दिले, किती दिले, का थांबवले? फाइलमध्ये वर्षानुवर्षे नुसते ‘गाउट’ असेल, तर खऱ्या गरजूचाच अर्ज अडतो.

हा प्रश्न केवळ अमेरिकेचा नाही. आपल्याकडे ‘युरिक ॲसिड वाढलंय’ आणि ‘गाउट झालाय’ ही वाक्ये सर्रास एकाच अर्थाने वापरली जातात, आणि ‘संधिवात’ या शब्दाखाली तर सगळेच सांधे येतात. क्षयावरच्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढते. क्षयाचे उपचार घेणाऱ्याचे सांधे दुखू लागले, तर त्या औषधाचे नाव नोंदीत हवेच. जागतिक आरोग्य संघटनेचे आयसीडी-११ हे १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले असून त्यात गाउटचा कोड एफए२५ आहे. कोड असे बदलत राहतील. नोंद नेमकी असेल, तर ती कोणत्याही वर्गीकरणात टिकेल.

म्हणून गाउटच्या प्रत्येक नोंदीत पाच गोष्टी असाव्यात : कोणता सांधा आणि कोणती बाजू, तीव्र झटका की जुनाट आजार, कारण, टोफस आहे की नाही, आणि निदान कशाच्या आधारे केले, सांध्यातल्या द्रवात स्फटिक दिसले म्हणून की लक्षणांवरून. डॉक्टरांनी जे पाहिले ते लिहावे. कोडरने जे लिहिले आहे त्यालाच कोड द्यावा, आणि जे लिहिलेले नाही ते विचारावे. एम१०.९ हा कोड माहिती नसेल तेव्हासाठी ठेवलेला आहे. घाई झाली म्हणून तो वापरू नये.