गाणं चालतं, नाटक चालत नाही

वाचकहो, तुमच्या गराजमधलं ते जुनं खोकं एकदा उघडा. वर कॅसेटी, मध्ये सीडी आणि तळाशी दर भारतवारीत बॅगेच्या कोपऱ्यात कोंबून आणलेल्या नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडी. न्यूझीलंडचा कायदा या एकाच खोक्याला दोन न्याय लावतो आणि आपण त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

आयपॉड २००१ साली आला. इथे तो दुकानांत राजरोस विकला जात होता, पण स्वतः पैसे देऊन घेतलेली सीडी त्यात भरणं मात्र २००८ पर्यंत बेकायदेशीर होतं. विळी विकायला परवानगी, भाजी चिरायला बंदी! २००८ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ८१अ हे कलम आलं आणि घरगुती कॉपीला मान्यता मिळाली. अटी आहेत. मूळ प्रत तुमची हवी, उसनी किंवा भाड्याची नको. तुमच्या मालकीच्या दर उपकरणामागे एकच कॉपी. ऐकणारे तुम्ही किंवा तुमच्या घरात राहणारे. शिवाय मूळ प्रत तुमच्याकडेच राहायला हवी. प्लेयर भरून झाल्यावर सीडी ऑप शॉपला दिलीत, की सवलत संपली. (लेक डनीडिनला शिकायला गेली की ती ‘घरात राहणारी’ उरते का, हे विचारायला वकील गाठावा लागेल.)

या अटींशी माझं फारसं भांडण नाही. भांडण आहे ते हे, की ही सवलत फक्त ध्वनिमुद्रणाला आहे. भावगीतांची सीडी फोनवर घ्या, चालेल. त्याच दुकानातून, त्याच दिवशी घेतलेली नाटकाची डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलीत, तर चालणार नाही. का? गाणाऱ्याचा गळा कमी मोलाचा आणि नटाचा जास्त, असं तर कुणी म्हणत नाही.

गंमत म्हणजे, याच दुरुस्तीने दुसरीकडे शहाणपणा दाखवला आहे. डीव्हीडीच्या जगात भारत पाचव्या विभागात, न्यूझीलंड चौथ्या. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेयरवर चालू नये म्हणून घातलेल्या कुलपाला इथला कायदा संरक्षण देत नाही. परदेशातून रीतसर आणलेली डिस्क इथे बघता आली पाहिजे, हे त्याला मान्य आहे. मग ती डिस्क खराब होण्याआधी तिची एक कॉपी का नको?

‘हल्ली सगळं स्ट्रीमिंगवर मिळतं,’ असं म्हणणारे तुमच्याही ओळखीचे असतील. मिळतं, पण कंपनीची मर्जी असेपर्यंत. शिवाय गाणं कसं कॉपी करायचं हे करारात लिहिलेलं असेल तर सवलत नाही, करारच चालेल, असं ८१अ मध्येच म्हटलं आहे. आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो तोच हा करार. आणि खोक्यातली सगळी नाटकं तिथे आहेत का, शोधून बघा.

निर्मात्याचं नुकसान होतं, हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. अख्ख्या मंडळाला पेन ड्राइव्हवर नाटकं वाटणं ही चोरीच. तिची वकिली मी करत नाही. पण ज्याने डिस्कचे पैसे मोजले, त्याने तेच नाटक घरच्यांबरोबर दुसऱ्या पडद्यावर पाहिलं, तर निर्मात्याच्या खिशातून काय जातं?

२०१८ च्या नोव्हेंबरात सरकारने कॉपीराइट कायद्याच्या फेरविचारासाठी लोकांची मतं मागवली होती. अशी संधी पुन्हा येईल तेव्हा आपण गप्प राहता कामा नये. तोवर आपल्या खासदाराला पत्र लिहा: ८१अ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या जोडीला चित्रमुद्रण घाला, त्याच अटींवर. आणि डिस्कचा खण असलेला जुना लॅपटॉप एवढ्यात ई-कचऱ्यात टाकू नका. नव्या बहुतेक लॅपटॉपांना तो खण नसतो.