नाके उठले, जोखीम कोणी उचलायची?

आकुर्डीच्या बजाज ऑटोच्या कारखान्यात गाड्या तयार होणे सप्टेंबर २००७ मध्ये बंद झाले. त्या गोष्टीला आता बरीच वर्षे झाली, तरी या भागातील लेथवाले, प्रेसवाले आणि वेल्डर मंडळी एकत्र बसली की विषय तिकडे वळतोच. कारण साधे होते. उत्तराखंडात कारखाना काढणाऱ्याला केंद्राची एक्साइज माफ होती, पंतनगरला त्याच वर्षी कंपनीचा नवा कारखाना सुरू झाला होता, आणि इकडे राज्याचे कर व वर महापालिकेची जकात. (जकात हा शब्द आपल्या घरात एका अर्थाने चालतो आणि नाक्यावर दुसऱ्या, येथे नाक्यावरची समजावी.) हिशेब पाहून मालकाने काम हलवले. धंद्यातला माणूस त्याला नावे ठेवणार नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे. कायम कामगारांच्या मागे युनियन होती, पुढारी होते, स्वेच्छानिवृत्तीची बोलणी झाली. परंतु ज्याच्या शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिल आणि पाच पोरे, जो पुरवठादाराच्याही पुरवठादाराकडून बुश आणि पिना टर्निंगला आणतो, त्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. त्याचे काम गेले हे कोठे लिहिलेसुद्धा गेले नाही.

योगायोग असा की त्याच २००७ सालापासून युरोपीय संघाने एक निधी सुरू केला. जगाच्या बाजारातील उलथापालथीमुळे एखादा मोठा कारखाना बंद पडला किंवा दुसऱ्या देशात गेला, तर तेथील सरकारने अर्ज करायचा आणि काम गेलेल्यांना नवे शिक्षण, नवी नोकरी शोधणे, स्वतःचा लहान धंदा उभा करणे यासाठी त्यातून मदत द्यायची. आधी एक हजार माणसांचे काम गेले तरच अर्ज घेत. २०२१ पासून ही मर्यादा दोनशेवर आणली. आणि २०१४ पासून त्यात स्वतःचा धंदा करणाऱ्या माणसालाही जागा मिळाली. हा शेवटचा भाग आमच्या कारागीर बंधूंनी पुन्हा वाचावा.

निधी काही अफाट नाही, कागदपत्रेही तेथे कमी लागत नाहीत. पण तो काढावा असे त्यांना का वाटले, हे समजून घेण्यासारखे आहे. १९५७ च्या रोमच्या करारापासून ते देश एकमेकांच्या सीमा मोकळ्या करीत आले आणि १ जानेवारी १९९३ रोजी एक बाजार झाला. मालाचा ट्रक नाक्यावर अडेनासा झाला. मात्र बाजार एक झाला की कोणाचा तरी धंदा बुडतोच. तेव्हा सामान्य माणूस या मोकळ्या बाजाराला हो का म्हणतो, या प्रश्नावर तेथील आणि अमेरिकेतील विद्वानांनी बरीच वर्षे घालवली आहेत. डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९७८ मध्ये (पुढे इंग्लंडचे पंतप्रधान झाले ते हे नव्हेत) आणि डॅनी रॉड्रिक यांनी १९९८ मध्ये दाखविले की, ज्या देशाचा बाजार बाहेरच्यांना जास्त उघडा असतो त्या देशात सरकारचा खर्चही साधारण जास्त असतो. रॉड्रिक यांचे स्पष्टीकरण आपल्याला पटण्यासारखे आहे : उघड्या बाजारात धोका जास्त, म्हणून लोक सरकारकडून तो वाटून घेतात.

आणि जेथे हा सौदा झाल्याचे लोकांना दिसले नाही, तेथे काय झाले? २००५ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना फेटाळली. त्या प्रचारात ‘पोलंडचा प्लंबर’ हा शब्द घरोघर गेला. स्वस्तात काम करणारा परदेशी कारागीर येईल आणि आपले पोट मारील, ही भीती. पोलंडच्या पर्यटन खात्याने मग एका देखण्या प्लंबरचे पोस्टर काढून फ्रेंच लोकांना आपल्या देशात फिरायला बोलावले, हे त्यांचे चातुर्य. पण पिंपरी-चिंचवडमध्ये उत्तर प्रदेश-बिहारच्या वेल्डरबद्दल चहाच्या टपरीवर जे बोलले जाते ते आठवा, आणि फरक किती आहे ते स्वतःच ठरवा.

आता आपल्याकडे पाहू. आपलाही बाजार एक झाला. पिंपरी-चिंचवडची जकात ३१ मार्च २०१३ ला संपली, तिच्या जागी एलबीटी आला, तोही ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला, आणि १ जुलै २०१७ पासून सगळ्या देशात जीएसटी. नाके गेले ते बरेच झाले. टेम्पो तासन् तास उभा राहण्याचे दिवस कोणाला परत नको आहेत. परंतु हा करार करताना भरपाई कोणाकोणाला मिळाली? राज्यांना पाच वर्षे दरसाल १४ टक्के वाढीची हमी मिळाली. महापालिकांसाठी महाराष्ट्राने वेगळा कायदा करून जकात-एलबीटीच्या बदल्यात दरसाल ८ टक्के वाढीने रक्कम देण्याचे मान्य केले. सरकारला सरकारने सांभाळले. शेडवाल्याच्या वाट्याला संगणक, रिटर्न आणि सल्लागाराची फी आली.

यावर आमचे काही व्यापारी मित्र म्हणतात, ‘आपल्याला सरकारकडून काही नको, सुखाने धंदा करू द्या म्हणजे झाले.’ अडचण आली तर भाऊबंद आहेत, जमातीचा बैतुलमाल आहे. ही भावना आम्ही जाणतो आणि तिचा मान राखतो. पण एका माणसाच्या आजारपणाला पुरणारी मदत एका औद्योगिक पट्ट्याच्या मंदीला पुरत नाही, कारण मंदीत देणारा आणि घेणारा दोघेही एकाच वेळी बसतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलीजवळ कुदळवाडीत महापालिकेने भंगाराची गोदामे आणि लहान कारखाने मोठ्या संख्येने पाडले, तेव्हा हे आपण डोळ्यांनी पाहिले. बांधकाम कायदेशीर की बेकायदा हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. तेथे हाताने काम करणाऱ्या मजुराचा दुसऱ्या दिवशीचा पगार कोण देणार होते?

याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आकुर्डीशी नाते असलेल्या एका कंपनीतच सापडते. आकुर्डीला मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटारसायकल कंपनीत भाग घेतला आणि तिच्या गाड्या चाकणला बनू लागल्या. ती केटीएम नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. नोव्हेंबरचे पगार अडकले. ते कामगारांना नाताळाच्या आधी मिळाले, कारण ऑस्ट्रियात अशा वेळेसाठी मालकांच्या वर्गणीतून उभा राहिलेला निधी आहे. असा निधी प्रत्येक सभासद देशात असावा, हा युरोपचा नियम १९८० पासूनचा. पुढे बजाजने पैसा ओतून कंपनी वाचविली. लेणेकऱ्यांना मात्र रुपयातले तीस पैसे या हिशेबाने मान्य करावे लागले. तेव्हा युरोपातही माल देणारा पुरवठादार पगारदारापेक्षा उघडाच आहे, हे आम्ही लपवीत नाही.

आणखी एक गोष्ट त्या संशोधनात आहे, ती आपल्याला बोचणारी आहे. नेदरलँड्सचे विम व्हान ऊरस्खोट यांनी युरोपभरच्या पाहण्यांवरून दाखविले की, मदत कोणाला द्यावी असे विचारले तर लोक आधी म्हाताऱ्यांचे नाव घेतात, मग आजारी व अपंगांचे, मग बेकारांचे, आणि सर्वात शेवटी बाहेरून आलेल्यांचे. जो आपल्यातला वाटतो त्याला आधी. ज्याला अशी शेवटची जागा मिळते त्याने मेहेरबानीवर अवलंबून राहणे धोक्याचे. त्याला नियम हवा, ज्यात नाव-गाव न पाहता नोंद पाहिली जाते. २०१६ च्या युरोपीय सामाजिक पाहणीत सर्व गरिबांसाठी सगळ्या युरोपची एक किमान मदत योजना असावी का, असे विचारले होते. ज्या देशांत घरची व्यवस्था कमकुवत, तेथून होकार जास्त आला. यात नवल कसले!

मागणी तर करूच. विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३) १८ धंदे आहेत. लोहार, सुतार, शिंपी, न्हावी आहेत, पण लेथवर उभा राहणारा टर्नर नाही. हे का, असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पण आधी आपल्या शेडमध्ये पाहावे. ई. एस. आय.साठी दहा माणसे लागतात आणि प्रॉव्हिडंट फंडासाठी वीस, म्हणून नऊवर थांबणारे आमच्यात कमी नाहीत. आम्ही एका दुकानात विचारले, तर मालक म्हणाले, ‘पोरगा उद्या दुसरीकडे जाईल, मी कशाला भरू?’ युरोपातल्या ज्या मालकांच्या वर्गणीतून केटीएमच्या कामगारांचा पगार निघाला, त्यांच्याकडचा पोरगाही उद्या दुसरीकडे जाणारच होता. दहापेक्षा कमी माणसे असली तरी मालक व कामगार मिळून आपखुशीने ई. एस. आय.मध्ये जाण्याची सोय नव्या सामाजिक सुरक्षा कायद्यात आहे. ज्यांना यात यायचे नाही त्यांनी निदान पोरांची ई-श्रम नोंद करून द्यावी.

आणि स्वतःची उद्यम नोंद ठेवावी. ती फुकट होते. पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातून परत पाठवावे. २००६ च्या कायद्याने लहान कारखानदाराचे बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे, नाही तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. पण हा हक्क मागायला नोंद माल देण्याच्या आधीची असलेली बरी. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनाही २०२१ पासून नोंद करता येते, मात्र त्यांना तिचा लाभ बँकेच्या कर्जापुरताच आहे, बिलाच्या मुदतीचा नाही.