‘माझा वाटा’ कागदावर आहे का?

मुलगी शिकायला किंवा नोकरीला पुण्याला निघाली की घरात काय धांदल उडते! चटण्या, मेतकूट, लाडवाचा डबा, औषधाच्या गोळ्या… सगळं आठवणीने बांधून दिलं जातं. घरभाड्याच्या करारावर सही करताना काय वाचायचं, हे मात्र कुणीच सांगत नाही. ‘तिघी मिळून राहतायत, घेतील एकमेकींना सांभाळून’ एवढ्यावर आपलं समाधान होतं. बहुतेक वेळा त्या सांभाळून घेतातही. पण तिघींपैकी एकीने भाडं देणंच बंद केलं तर?

समजा, फ्लॅटचं भाडं २४ हजार आहे. प्रत्येकीचे आठ हजार. एकीची नोकरी गेली, तिने दोन महिने पैसेच दिले नाहीत. घरमालकाचे १६ हजार थकले. बाकीच्या दोघी म्हणतात, ‘आम्ही आमचा वाटा दिलाय, तुम्ही तिच्याकडून घ्या.’ न्यायाचं वाटतं ना? पण कायदा तसं म्हणत नाही. तिघींनी मिळून एकाच करारावर सह्या केल्या असतील आणि त्यात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे घरमालक ही सगळी रक्कम तिघींपैकी कुणाही एकीकडून मागू शकतो. ‘माझे आठ, तुझे आठ’ हा हिशेब मुलींचा आपसातला. घरमालकासाठी भाडं एकच, २४ हजार!

त्याच कलमात दिलासाही आहे. जिने जास्तीचे पैसे भरले, तिला ते थकवणाऱ्या मुलीकडून मागण्याचा हक्क आहे. मात्र ती देऊच शकली नाही, तर तो तोटा उरलेल्या दोघींनी सारखा वाटून घ्यायचा. आणि घरमालकाने एकीला ‘जा बाई तू’ म्हणून मोकळं केलं, तरी बाकीच्या सुटत नाहीत, असं पुढचं कलम ४४ सांगतं.

आता हे ऐकून घाबरू नका. आपल्याला हे नवीन थोडंच आहे? बचत गटात एकीचा हप्ता थकला की बाकीच्या जणी तिच्या दारात उभ्या राहतातच ना! कर्ज गटाच्या नावावर, म्हणून काळजी सगळ्यांची. पण तिथे आपण दर बैठकीला पैसे मोजतो, वहीत लिहितो, सह्या घेतो. तेव्हा कुणी म्हणतं का, की माझ्यावर विश्वास नाही म्हणून लिहून घेतलं? मग लेकीने मैत्रिणीकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या म्हटल्या की आपल्याला का अवघड वाटतं? ‘पैशाचं काय बोलायचं, बरं दिसत नाही,’ हे आपणच मुलींना शिकवलेलं असतं. नंतर तेच महागात पडतं.

म्हणून सहीआधी बघायचं, की करार कुणाच्या नावावर आहे? एकीच्याच नावावर असेल, तर घरमालकासमोर जबाबदार ती एकटीच. कॉट बेसिसवर प्रत्येकीचा वेगळा करार असेल, तर ज्याचं त्याने. एकत्र असेल, तर प्रत्येकीचा वाटा करारातच लिहायला सांगावं. मालक तयार नसेल, तर मुलींनी आपसात लिहून ठेवावं: भाडं किती, डिपॉझिट कुणी किती भरलं, मध्येच सोडायचं तर किती दिवस आधी सांगायचं. आपला वाटा प्रत्येकीने स्वतःच्या बँक खात्यातून द्यावा, म्हणजे पुरावा राहतो. आणखी एक. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे.

तरी पैसे थकलेच, तर पहिल्याच महिन्यात बोलावं. घरमालकालाही लेखी कळवावं. रागाच्या भरात तिचं सामान बाहेर काढणं, कुलूप बदलणं असलं काही करू नये. करारावर तिचीही सही आहे, घरावर तिचाही तेवढाच हक्क आहे. आणि नोकरी गेलेल्या मुलीने तोंड लपवण्यापेक्षा वेळेवर सांगितलं, तर मार्ग निघतो. तिच्या जागी दुसरी मुलगी आणून नवा करार करता येतो.

पण मला खरी काळजी वेगळीच वाटते. असं काही झालं की घरून पहिला फोन जातो, ‘बस झालं, गाशा गुंडाळ आणि घरी ये!’ म्हणजे भाडं थकवलं एकीने आणि शिक्षण सुटलं दुसरीचं. बरं, नोटीस न देता घर सोडलं म्हणून थकलेलं भाडं चुकत नाही, ते नाहीच. मुलाच्या बाबतीत हाच घोटाळा झाला, तर आपण म्हणतो, ‘बघ रे नीट, मिटव.’ मुलीलाही तेवढंच म्हणू या. तिला घरी बोलावण्यापेक्षा करार वाचायला शिकवणं स्वस्त पडतं, मैत्रिणींनो!