मोठ्या आकड्यात न दिसणारा विलंब

१०० एमबीपीएसचं फायबर घेतलं, तरी एक जीबीची फाइल उतरायला दीड मिनिट का लागतं, असं अनेक जण वैतागून विचारतात. यात कुणाची लबाडी नाही. लाइनचा वेग बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा एमबी. एका जीबीला ऐंशी सेकंद लागणारच.

माझा आक्षेप वेगळा आहे. स्पीड टेस्ट बहुधा जवळचा सर्व्हर निवडते, एकाच वेळी अनेक कनेक्शन उघडते आणि लाइन गच्च भरून पाहते. यातून कळते ती लाइनची ताकद. व्हिडिओ कॉलला पाच एमबीपीएसही पुष्कळ झाले. तिथे घात करतो तो विलंब. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परतायला सव्वाशे मिलिसेकंद तरी हवेतच, प्लॅन कितीही महाग असो.

हे अंतर कुणाच्या हातात नाही. घरातली रांग मात्र आहे. कुणाच्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला की राउटरमध्ये पॅकेट तुंबतात आणि दुसऱ्या खोलीत चाललेली नोकरीची मुलाखत अडखळते. नेटफ्लिक्सच्या फास्ट डॉट कॉमवर तपशील उघडून पाहा: रिकाम्या आणि भरलेल्या लाइनवरचा विलंब तिथे वेगवेगळा दिसतो. पहिला २० आणि दुसरा ३०० मिलिसेकंद असेल, तर दुप्पट वेगाचा प्लॅन घेण्याआधी राउटर तपासा. चाचणीही वायफायवर नको, केबल लावून करा. वायफायवर भिंतीच वेग खातात.

सरकारी व्याख्याही अपुरीच आहे. आपल्याकडे ब्रॉडबँडच्या वेगाची किमान मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस होती, जानेवारी २०२३ मध्ये ती २ एमबीपीएस झाली. तीही फक्त डाउनलोडची! अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसीने २०२४ मध्ये १०० एमबीपीएस डाउनलोडसोबत २० एमबीपीएस अपलोडचाही निकष ठरवला. घरून शिकवणाऱ्या शिक्षिकेला, डिझाइनच्या जड फाइली पाठवणाऱ्या तरुणाला अपलोडच रोजीरोटी देतं. सरकारने ते व्याख्येत आणावं. आणि आपली दूरसंचार नियामक संस्था ट्रायने कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत तीन आकडे छापायला लावावेत: रात्री नऊचा किमान वेग, अपलोड, आणि लाइन भरलेली असतानाचा विलंब. तोवर कनेक्शन घेताना हे तिन्ही आकडे आपणच विचारावेत, लेखी मागावेत.