कोण कोणास म्हणाले?

सेमिनार सबमिशनचा आठवडा आला की हॉस्टेलमध्ये पेन ड्राइव्ह फिरू लागतात. मागच्या वर्षीच्या सीनियरचा रिपोर्ट, त्याच्याही सीनियरचा रिपोर्ट... नाव बदलायचं, रोल नंबर बदलायचा, काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरं छापून बाइंडिंग करून आणायचं, की झालं सेमिनार! शेवटच्या पानावर वीस-पंचवीस 'रेफरन्सेस' असतातच. त्यातला कुठला नेमका कुठे वापरलाय, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसतं. देव्हाऱ्यात देव मांडून ठेवावेत तशी ती यादी मांडलेली असते. पूजा मात्र कोणीच करत नाही.

यावर काही बोललं की मैत्रिणी म्हणतात, "अगं, आपण काय पीएचडी करतोय का?" मला हे पटत नाही. संदर्भ देणं म्हणजे नुसता प्रामाणिकपणा नव्हे, इंजिनिअरसाठी ती सुरक्षेची गोष्ट आहे.

मी मेकॅनिकलची, पण उदाहरण सिव्हिलचं देते. भूकंपरोधक डिझाइनसाठी आपल्याकडे आयएस १८९३ हा कोड वापरतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा १९८४ च्या आवृत्तीतला नकाशा लागू होता. त्यात हा भाग झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ च्या आवृत्तीत झोन एक हा प्रकारच काढून टाकला आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला. आता समजा, कोणी रिपोर्टमध्ये लिहिलं, "आयएस १८९३ नुसार हा भाग कमी धोक्याचा आहे." कोड बरोबर, नंबर बरोबर, फक्त वर्ष गाळलं. तेवढ्यानं अख्खं वाक्य खोटं ठरलं! आणि हाच रिपोर्ट पुढच्या वर्षीच्या पेन ड्राइव्हमध्ये जाणार. कागदावर चूक कोणाला दिसत नाही, पण इमारतीचं गणित याच आकड्यापासून सुरू होतं.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठीचे तास मोजकेच. तरी 'कोण कोणास म्हणाले?' आणि 'संदर्भासहित स्पष्टीकरण द्या' हे प्रश्न आम्हालाही सुटले नाहीत. चौथीतल्या पोराला जे विचारतात, तेच बी.ई.च्या रिपोर्टला विचारायचं: हे कोण म्हणालं, कधी म्हणालं, कशाबद्दल म्हणालं?

पद्धत काही अवघड नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आयईईई पद्धत चालते. मजकुरात जो स्रोत पहिल्यांदा आला त्याला चौकोनी कंसात १, पुढच्या नव्या स्रोताला २. तोच स्रोत परत आला तर जुनाच नंबर. आकडा, तक्ता, आकृती, दुसऱ्याची कल्पना, या सगळ्यांना नंबर हवा, मग वाक्य तुम्ही स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं का असेना. ओहमच्या नियमाला मात्र संदर्भ लागत नाही, तो सगळ्यांचाच आहे.

पण आपल्याला भीती वाटते ती फक्त टक्क्यांची. यूजीसीने २०१८ साली थीसिस-प्रबंधांसाठी नियम केले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ६० च्या वर गेलं तर थेट नोंदणी रद्द. आपण यातून काय शिकलो? शब्द बदलायला! 'वाढ'च्या जागी 'वृद्धी' टाकायची आणि टक्के खाली आणायचे. अरे, सॉफ्टवेअर फक्त साम्य मोजतं. कल्पना कोणाची होती हे त्याला कळत नाही, ते आपल्यालाच सांगावं लागतं.

आता तर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत दहा संदर्भ हजर. लेखक, जर्नल, वर्ष, सगळं झकास. पण त्यातले काही पेपर कधी लिहिलेच गेलेले नसतात! म्हणून माझा साधा नियम आहे: जो पेपर उघडून वाचला नाही, तो यादीत घालायचा नाही. पंचवीस उसन्या नावांपेक्षा वाचलेले पाच पेपर बरे.

दोष एकट्या विद्यार्थ्यांचा आहे असंही नाही. एका आठवड्यात पाच सबमिशन्स असतील तर पोरं कॉपी-पेस्टच करणार. आणि रिपोर्टची जाडी बघून मार्क मिळत असतील तर रिपोर्ट जाडच होणार.

म्हणून सर आणि मॅडम, एक विनंती. नवे नियम नकोत, नवा फॉर्म तर नकोच. व्हायव्हाच्या वेळी रिपोर्ट उघडा, कुठल्याही एका चौकोनी कंसावर बोट ठेवा आणि विचारा, "हा पेपर काय म्हणतो, सांग बघू." एवढा एकच प्रश्न विचारायला लागा. पुढच्या वर्षी निम्मे पेन ड्राइव्ह खिशातच राहतील.