बंद दिवसांचा हिशेब

युगांडातल्या खेड्यापाड्यांत ‘यू-टू’ नावाच्या हापशीवर रोज सकाळी पिवळे कॅन भरले जातात. या हापशीचे घराणे आपल्याकडचे आहे. मुळात घरगुती वापरासाठी घडवलेले बिडाचे पंप सत्तरच्या दशकापर्यंत गावोगावच्या बोअरवर बसवले जात होते. शेकडो माणसांच्या रोजच्या उपशापुढे ते टिकत नसत. त्यावर जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या कार्यशाळांत पोलादी पंप घडले. सोलापूरच्या पंपाचा पाया घेऊन युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी ‘इंडिया मार्क टू’ तयार केला. साखळीमुळे दांडा सरळ ओढला जातो, बेअरिंग धुळीपासून झाकलेले राहते आणि भाग अदलाबदल करता येतात. एवढ्या साध्या गुणांवर हा पंप आफ्रिकेतल्या अनेक देशांत पोहोचला.

पंप पोहोचला, पण त्याच्यामागची यंत्रणा पोहोचली नाही. मार्क टूचा कप वॉशर बदलायचा तर साठ-सत्तर फूट लोखंडी पाइप वर काढावे लागतात. तिवई लागते, चार माणसे लागतात, गाडी लागते. तमिळनाडूत यासाठी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभी राहिली: गावात देखरेख करणारा, गटपातळीवर मेकॅनिक आणि जिल्ह्याला फिरते पथक. आपल्या पंचायत समित्यांची हातपंप दुरुस्ती पथके याच वळणाची. आफ्रिकेत मात्र अनुदानातून बोअर झाले, उद्घाटने झाली आणि दुरुस्ती गावाच्या समितीवर सोपवली गेली. हाताने उघडता येतील असे आफ्रिदेव आणि मार्क थ्री हे पंपही पुढे आले. तरी सुटा भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नसेल आणि समितीच्या खात्यात पैसे नसतील, तर सोपा पंपसुद्धा बंदच राहतो. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील 20 देशांच्या आकडेवारीवरून 2009 साली काढलेला अंदाज सांगतो, की तिथले सुमारे एक तृतीयांश हातपंप बंद होते.

चालू असलेल्या पंपांचीही एक गोष्ट आहे. भूजल आम्लधर्मी असेल तर जस्ताचा मुलामा दिलेले पाइप आतून गंजतात. पाणी तांबूस येते, भात आणि कपडे डागाळतात, आणि बायका पुन्हा ओढ्याकडे वळतात. कागदावर तो पंप ‘चालू’ असतो. बोअर करताना सामू तपासून स्टेनलेस स्टीलचे किंवा योग्य प्लास्टिकचे पाइप घातले असते, तर हा खर्च वाया गेला नसता.

केनियाच्या कितुई आणि क्वाले भागांत वेगळी वाट शोधली गेली. हापशीच्या दांड्यात मोबाइलवर संदेश पाठवणारे छोटे यंत्र बसवले. दांडा हलेनासा झाला की कळते. ठरावीक वर्गणी घेऊन दुरुस्तीची हमी देणारी स्थानिक संस्था माणूस पाठवते. पूर्वी दुरुस्तीला जवळपास महिना जात असे, तो काळ तीनेक दिवसांवर आला. या बदलात यंत्राचा वाटा लहान आहे. ‘किती दिवसांत दुरुस्त करायचे’ याची कुणीतरी जबाबदारी घेतली, हा वाटा मोठा.

आपण आता हापशीकडून नळाकडे आलो आहोत. 2019 साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर शुद्ध पाण्याचे वचन दिले. आढावा बैठकीत मात्र पहिला प्रश्न नळजोडण्यांचा असतो. जोडणी मोजणे सोपे आहे. पण जळालेली मोटर, थकलेले वीजबिल, एप्रिलमध्ये कोरडा पडणारा उद्भव आणि संपलेली टीसीएल पावडर त्या आकड्यात दिसत नाहीत. जगभरात सुरक्षित व्यवस्थापन असलेल्या पाण्याला मुकलेली माणसे 2022 साली सुमारे 220 कोटी होती. त्यांत नळ, पंप किंवा विहीर जवळ असूनही पाणी वेळेवर न मिळणारे, किंवा दूषित मिळणारे असंख्य आहेत.

म्हणून या क्षेत्रातल्या अभियंत्यांना, भूवैज्ञानिकांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आमची सूचना आहे. प्रत्येक योजनेच्या मासिक अहवालात तीन नोंदी सक्तीच्या करा: महिन्यात पाणी किती दिवस बंद होते, तक्रारीपासून दुरुस्तीपर्यंत किती दिवस गेले, आणि शेवटच्या नळाशी उर्वरित क्लोरीन किती आढळले. अंदाजपत्रकातच सुटे भाग आणि पहिल्या काही वर्षांच्या दुरुस्तीची तरतूद दाखवा. पाणीपट्टीचा दर वीजबिल आणि जलसुरक्षकाचे मानधन धरून ठरवा, निवडणूक धरून नव्हे. उद्भवाची रासायनिक तपासणी झाल्याशिवाय पाइपाची निविदा काढू नका. गावाला नवीन योजना मंजूर करताना जुनी का बंद पडली याचे लेखी उत्तर मागा, आणि ते मिळेपर्यंत सही थांबवा.